चालू

पहिल्या दिवशी रोडेलने पॅनेलवर बोट ठेवून दाखवलं,
हिरवा दिवा म्हणजे रन.
मी वहीत लिहून घेतलं, रन : चालू.
त्यांचा पंप धावतो,
आमचा चालतो.
पाणी तेवढंच येतं.

सोहारला रात्रपाळीत समुद्र दिसत नाही,
नळांतून ऐकू येतो.
खारं आत जातं, गोडं बाहेर पडतं
आणि मधल्या खोलीत खुर्ची टाकून
नऊ वर्षं मी.

काल दुर्वाचा फोन आला.
बाबा, शाळेत रनचे दहा अर्थ मागितलेत,
धावणे सोडून.

धावणे सोडून.
इंटेकच्या मीटरवर डोळा ठेवून सांगत गेलो :
नाक वाहतं ना तुझं, ते रन.
नव्या ओढणीचा रंग बाकीच्या कपड्यांना लागला
आणि आई दिवसभर बोलली नाही, तेही. म्हणजे रंगाचं. बोलण्याचं नाही.
आईची गिरण चालते. आई गिरण चालवते.
चिपळूणची एसटी. निवडणुकीला उभं राहणं
(हो, इथे उभं राहतात, तिथे धावतात).
ती लिहिता लिहिता थांबली.
आपल्याकडे सगळं चालतं आणि त्यांच्याकडे तेच धावतं,
मग दमत नाहीत का ते?
म्हटलं, दमायला माणसं ठेवलीत.

एक अर्थ मी गिळला.

मंगळवारपासून बोर्डावर इद्रूस परकारचा फोटो आहे,
पासपोर्टवरचा, कान पूर्ण दिसणारा.
खाली लाल अक्षरांत रनअवे.
खेडचा. सहा वर्षं माझ्या वरच्या बंकवर.
झोपेत पाय झाडायचा, पलंग हलायचा,
मी खालून ओरडायचो, कुठे पळतोस रे?

ऑफिसातून विचारलं, कधी पळाला?

पाळी संपवून मी गेटपाशीच होतो.
चार महिन्यांचा पगार येतोय येतोय म्हणत होता त्याचा,
चालतच येत असावा.
हातात लुलूची पिशवी, तीत एक शर्ट, एक चार्जर.
त्याने वॉचमनला सलाम केला.
बुटाची नाडी सुटली होती, वाकून बांधली,
दुहेरी गाठ मारली.
मग हायवेच्या कडेकडेने
बाजारातून बांगडे आणायला निघावं
तसा चालत गेला.
मी बघत होतो. एकदाही धावला नाही.

मी सांगितलं, मी झोपलो होतो साहेब.

कॅम्पात आता म्हणतात, भलताच चालू निघाला.
हिरव्या दिव्याचाच शब्द.

तीन वाजून दहा मिनिटांनी जाळीवर जेलीफिश आले,
थरावर थर, साबुदाण्याच्या खिरीसारखे,
आणि दोन नंबरचा पंप ट्रिप झाला.
ट्रिप. सहलीला जातात तीच.
पायाला ठेच लागते तीही.
अलार्म ओरडला आणि मी धावलो,
त्या रात्रीचं एकमेव खरं धावणं,
दोन जिने, लोखंडी कठडा मध्यरात्रीनंतरही कोमट,
जाळी धुतली, बुळबुळीत हातांनी व्हॉल्व्ह फिरवला,
एक, दोन, तिसऱ्या खेपेला
दिवा हिरवा.

चालू.

धाप ओसरेना. तसाच खाली बसून
दुर्वाला मेसेज टाकला, तिकडे पावणेपाच झाले असतील :
शेवटचा लिही, संपत येणे.
उदाहरण साखरेचं दे.
व्हिसाचं नको देऊस.

सकाळी उठलो तर तिचं उत्तर येऊन पडलं होतं.
बाबा, मी परत मोजले.
नऊच होतायत.